मी न उघडलेली पीडीएफ

ज्ञानोबा काविळीनं गेला, असं सगळे म्हणतात.

ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्यावर येतं.

आज वर्ष झालं. वर्षभर मी त्याच्या फोटोखाली "मिस यू भावा" लिहून मोकळा होत होतो. आज खरं काय ते लिहितो.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्ञानोबा येलदरीकडच्या एका वस्तीवरचा. घरी मेंढरं. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच. परभणीत आम्ही दोघं एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो आणि एकाच खोलीत राहिलो. त्याचा विषय होता मेंढ्यांचे आजार.

आम्ही चिडवायचो, "बापानं जन्मभर मेंढरं राखली, आता तू त्यांच्यावर थिसिस लिही."

तो म्हणायचा, "मंग? त्यायच्यावर न्हाई लिवायचं तर काय तुझ्यावर लिवायचं?"

हॉस्टेलवर त्याचं नाव नोटीस बोर्ड.

कुठली फेलोशिप निघाली, कुठं भरतीची जाहिरात आली, सगळं त्याला आधी कळायचं. पण नुसतं फॉरवर्ड करणं त्याला जमायचं नाही. अख्खी पीडीएफ वाचायचा आणि खाली मराठीत चार ओळी लिहून ग्रुपवर टाकायचा. कोण बसतं, कोण बसत नाही, कुठला दाखला लागतो, लास्ट डेट काय.

सेलूची एक मुलगी त्या चार ओळींवर फॉर्म भरून आज कॉलेजात शिकवते. तो गेला त्या दिवशी तिचा फोन आला होता.

ऐकीव माहिती कुणी सांगितली की हा भडकायचा.

"कुणी सांगितलं? त्यानं उघडून बघितलंय का? आधी उघडून बघावं माणसानं."

त्याची स्वतःची फेलोशिप मात्र फार उशिरा लागली. ज्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं, त्या दिवशी त्यानं माझ्यासमोर वडिलांना फोन केला.

"अण्णा, आता माझ्यापायी एकबी मेंढरू इकायचं न्हाई."

बस, एवढंच बोलला आणि फोन ठेवून रडला.

त्या फेलोशिपची एक अट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. रोज मस्टरवर सही. हजेरी तुटली की फेलोशिप थांबते.

हे आम्हाला कुणी सांगितलं? सिनिअर्सनी. त्यांना? त्यांच्या सिनिअर्सनी.

मग त्याला ताप यायला लागला. जेवण जाईना. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "आजच ॲडमिट व्हा. आठ-दहा दिवस तरी लागतील."

दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर तो बसला. डोळे हळदीसारखे झालेले. मोबाईल माझ्या हातात दिला.

"मला स्क्रीनकडं बघवंना झालंय. मंजुरीच्या पत्राची पीडीएफ हाय त्यात. दुसऱ्यायच्या वाचता वाचता माझीच सगळी वाचायची राहिली. आजारपणाच्या रजेचं काय लिवलंय, बघ की जरा."

इतक्या वर्षांत त्यानं मला काही वाचायला सांगितलं ते त्या एकाच दिवशी.

मी मोबाईल घेतला. पीडीएफ उघडली नाही. ऊन होतं, भूक लागली होती, आणि उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं.

"रजा-बिजा चालत नाही रे. हजेरी तुटली की संपलं."

त्यानं मोबाईल माझ्या हातातून परत घेतला.

"मंग ॲडमिट न्हाई व्हायचं. रविवारी औषधाला जाऊ."

जिंतूरकडं एका गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात. रविवारी सकाळी, उपाशीपोटी. आमच्याकडं कावीळ म्हटलं की माणसं आधी तिकडंच जातात. लहानपणी मीही ते पिऊन बरा झालो होतो. आणि रविवारी मस्टर नसतं. कसं सोयीचं जमलं बघा.

दोन रविवार मीच त्याला गाडीवर नेलं. दुसऱ्या खेपेला त्याला गाडीवर नीट बसताही येत नव्हतं. तरी रांगेत पुढच्या पोराला विचारत होता, "काय करायलास? एमएस्सी? मंग फॉर्म भरला का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो सही करून लॅबकडं जाताना व्हरांड्यात पडला. नांदेडला नेलं. तिथं दोन दिवस काढले त्यानं.

मस्टरवर त्या सोमवारची त्याची सही आहे. वाकडी आहे, पण आहे.

तेराव्यानंतर त्याची कागदपत्रं आवरताना मी ती पीडीएफ उघडली. पान चौथं. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून, गाईडची सही घेऊन आजारपणाची रजा घेता येते. त्या काळात फेलोशिप चालू राहते.

दोनच ओळी होत्या, आणि त्याही मराठीत.

हे मी वर्षभर कुणालाही सांगितलं नाही. गाईडना नाही, घरी नाही. माझी हिंमत झाली नाही.

आज सकाळी वर्षश्राद्धाला वस्तीवर गेलो. पंगत उठल्यावर अण्णांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यानं मोबाईल दिला होता, मी बघितलं नाही, तेही सांगितलं.

अण्णा म्हणाले, "तसं लिवलेलं हाय का तिथं? वाच."

मी वाचलं.

"आनखी एकदा वाच."

मी परत वाचलं. अण्णा जमिनीकडं बघत ऐकत होते. मग म्हणाले,

"मला कशाला वाचून दाखवायलास, लेकरा? त्यानं इचारलं व्हतं, तवा वाचायचं."

रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठताना पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवून जा."

मी जेवलो. ज्ञान्या, तुझ्या घरी बसून जेवलो रे.

उघडून बघितलं मी. रजा मिळत होती तुला.

माफी मागायला तोंड नाही. तुला अखेरचा रामराम.