शून्य गुणांचे भिकाजीदादा

गोव्यातल्या कारापूरच्या आरोग्य उपकेंद्रात विनोदिनीबाय कामाला लागली तेव्हा सासूने विचारले, काम काय? लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारायच्या, असे तिने सांगितले. त्याचेही सरकार पैसे देते, यावर सासूचा आजतागायत विश्वास बसलेला नाही.

काम होते आत्महत्या रोखण्याच्या सरकारी योजनेचे. हातात दहा प्रश्नांचा फॉर्म. झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का, असले प्रश्न; त्रास सांगणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक गुण. पाच गुण भरले तर त्या माणसाच्या घरी पुन्हा जायचे, पेट्रोल सरकारचे. त्याखाली असले तर कागद फायलीत. फॉर्म वाईट नव्हता, पण तो करणाऱ्याने आमची माणसे पाहिली नव्हती. आमचा माणूस तापाने फणफणला असला तरी 'बरा आसा' म्हणतो.

आमोण्याचे भिकाजीदादा तसलेच. मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. पुढे खाण बंद पडली आणि मागच्या वर्षी बायको गेली. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ते आले तेव्हा विनोदिनीने त्यांचा फॉर्म भरला. दहाही उत्तरे छान, गुण शून्य. पायरी उतरताना ते म्हणाले, "जातंय हां, बाय."

तिने मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. मग चहात उंडो पाव बुडवताना तिला तो शब्द खटकला. आमच्यात कोणी 'जातंय', म्हणजे 'जातो', म्हणून उठत नाही. कोपऱ्यावर पाव आणायला निघालेला माणूसही 'येतंय' म्हणतो.

चहा तसाच टाकून तिने स्कूटर आमोण्याला पिटाळली. दादा घराला कुलूप लावत होते, अंगात ठेवणीतला शर्ट. दहा प्रश्न बाजूला ठेवून तिने एकच विचारला.

"दादा, जीव देवचो विचार आसा तुमच्या मनात?"

त्यांनी किल्ली कुलपातच सोडली. मग 'होय' म्हणाले आणि पायरीवर बसून ढसाढसा रडले. ती शेजारी बसून राहिली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊनच गेली. पुढे दर बुधवारी ती आमोण्याला जाऊ लागली, स्वतःच्या पेट्रोलवर. शून्य गुणवाल्याला दुसरी भेट नियमात बसत नव्हती.

यंदा मार्चमध्ये योजनेचे साहेब आले. या भागात वर्षभरात एकही आत्महत्या नाही, म्हणजे इथे गरज दिसत नाही, तेव्हा निधी दुसरीकडे वळवून ही जागा बंद करावी, असे त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितले.

गोळ्यांसाठी बाकावर बसलेले भिकाजीदादा उठून टेबलापाशी आले.

"सायबानू, तुमच्या कागदार एक मयत कमी पडता ना, तो मी. हयसर उभो आसंय."

साहेबांनी हातातला जागा बंद करण्याचा कागद उलटा ठेवला आणि दादांना बसायला खुर्ची दिली.