बर्फातला फ्लॅट आणि दादा

हे मी तोंडाने एकदाच बोललोय, तेही अडकलो म्हणून.

दादा, माझा मोठा भाऊ, नाशिकहून पंधरा दिवसांसाठी दोह्याला आमच्याकडे आला होता. त्याच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघालेला. माझी नोकरी संपली की आम्ही तिथे राहायला जायचं, मधली भिंत फोडून दार काढायचं, असं त्याचं आणि माझ्या बायकोचं ठरून गेलं होतं. मी नुसतं "बघतो" म्हणायचो. आणि दोघांना न सांगता मी जपानच्या डोंगरात एक फ्लॅट घेऊन बसलो होतो.

बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी कधीकाळी बांधलेली उंच इमारत, आता अर्धी रिकामी. तळमजल्यावर गरम झऱ्याचं सामायिक स्नानघर. किंमत जुन्या गाडीएवढी. आम्ही गल्फमधली माणसं पुण्याचे फ्लॅट इथल्या हॉटेलात ब्रोशर बघून बुक करतो. त्याच सवयीने मी हा व्हिडिओ कॉलवर पाहिला. एजंटबाईंनी स्पष्ट सांगितलं, "या न या, देखभाल दरमहा भरावी लागेल. आणि पुन्हा विकणं फार अवघड." मला नेमकं तेच पटलं. कुणी कितीही गळ घातली तरी मागे फिरता येणार नाही. खरेदीच्या कागदांना लागणाऱ्या सहीच्या दाखल्यासाठी वकिलातीत गेलो, तेव्हा घरी ऑफिसचं काम सांगितलं.

त्या शुक्रवारी सूक वाकिफच्या बाजारातून केशर घेऊन आम्ही तिघं परतत होतो. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. कुरियरवाला बोलला, "सर, प्रॉपर्टी के पेपर और चाबी है. आपकी बिल्डिंग के नीचे खड़ा हूँ."

बायको टाळी वाजवून मागे वळली. "भाऊजी, बघा! शेजारचा फ्लॅट गुपचूप घेतला यांनी! अहो, मला तरी सांगायचं!"

आरशात दादा दिसला. चष्मा काढून शर्टाला पुसत होता. "लबाड आहेस," तो म्हणाला. "मी रोज विचारतोय आणि तू तोंड पाडून बसतोस!"

अल सद्दला आमच्या घरापर्यंत पाच सिग्नल लागले. प्रत्येक लाल दिव्याला वाटलं, आता सांगावं. बायको दाराचा रंग ठरवत होती. दिवा हिरवा झाला की मी गाडी पुढे काढत होतो.

खाली पोचताच पाकीट दादानेच घेतलं, लहान मुलासारखं फाडलं. दोन किल्ल्या. कागदांवर जपानी अक्षरं. त्याने कागद उलटसुलट केले.

"हे काय रे?"

"जपानमधला फ्लॅट आहे. मी घेतलाय."

"जपानमध्ये आपलं कोण आहे?" बायकोने विचारलं.

"कुणी नाही. म्हणूनच."

कुरियरवाला सहीसाठी ताटकळला होता. सही केली, तो गेला. मग मात्र मला बोलायचं थांबता आलं नाही. आमचे वडील, अण्णा, तीन वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं दादाने एकट्याने केलं. मी रजा मिळत नाही म्हणत राहिलो आणि तेराव्यालाच पोचलो. रजा मिळत होती. मी मागितलीच नव्हती. त्या वासाची, त्या खोलीची मला भीती वाटत होती.

"आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, दादा. तुझ्या शेजारी रोज कसा राहू?"

रजेचं बायकोलाही माहीत नव्हतं.

"बोलायचं होतं," दादा म्हणाला. "तू शेजारी आलास की बोलणार होतो. रोज थोडं थोडं."

तो हसला नाही. किल्ल्या त्याने माझ्या हातात दिल्या, खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून नाशिकला फ्लॅटच्या मालकाला लावला. "हां, मी बोलतोय. तो शेजारचा फ्लॅट... नाही, आमच्यासाठी थांबू नका. दुसऱ्याला द्या."