पहिले बटण कोणी दाबायचे

दिनांक ९ जानेवारी २०२५, गुरुवार, सकाळी साडेदहा. मौजे केदारखेडा, तालुका भोकरदन. शालू तातेराव हिने भरलेली पाणबुडी मोटार विहिरीत सोडण्यात आली. तिला मात्र बोलावण्यात आले नाही. मी तेथे हजर होतो आणि गप्प राहिलो. ही तक्रार मी माझ्यासकट सर्वांविरुद्ध नोंदवीत आहे.

शालू माझी विद्यार्थिनी. महाविद्यालयात तीन वर्षे मी तिला इतिहास शिकवला. त्या पदवीने तिला काय दिले? भरतीचे अर्ज, पुढे ढकललेल्या परीक्षा आणि एका जागी बसू न देणारी दोन वर्षे. एकदा बसस्थानकावर भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुमचे सगळे तह पाठ हायेत मला. एकाही कलमात माझी नोकरी न्हाई." मी हसलो. हसायला नको होते.

पुढे जालन्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात मोटार-रिवायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरण्याच्या, सहा महिन्यांच्या वर्गात तिने नाव घातले. वर्गात ती एकटीच मुलगी. म्हणून पहिला महिना तिच्या हाती हजेरीपट तेवढा आला. दुसऱ्या महिन्यात तिने तो टेबलावर ठेवला आणि एक जळकी मोटार पुढ्यात ओढली. केंद्रातले शिकून संपले, तेव्हा जुन्या जालन्यात कमरोद्दीन मिस्तरींच्या दुकानात ती वर्षभर बसली. जळकी तार काढण्याआधी तिचे वेढे मोजायचे, हे मिस्तरींनी इतके घोटवून घेतले की पोरगी आता ताटातल्या भाकरीही मोजते, असे तिची आई सांगे.

गेल्या दसऱ्याला केदारखेड्याच्या फाट्यावर तिने पत्र्याचे दुकान टाकले. येणारा प्रत्येक जण आत डोकावून एकच विचारी.

"मिस्तरी कुठंय?"

"मीच हाय."

"थट्टा नको करू बाई, जल्दी बलाव त्यांला."

वडिलांनी, तातेरावांनी, मुदत घालून दिली होती. "पाडव्यापस्तोर बघ. न्हाई जमलं तर दुकान बंद. मंग मी पाहुणे बलावतो."

काकासाहेब हे नात्याने माझे मेहुणे. गहू पाण्यावर आलेला, जालन्यात सगळीकडे आठ दिवसांचा वायदा. निरुपाय म्हणून त्यांनी आपली जळालेली मोटार शालूकडे टाकली. तिने ती दोन दिवसांत भरून दिली.

आमच्याकडे रीत अशी, की मोटार विहिरीत उतरली की नारळ फोडायचा आणि पहिले बटण मोटार भरणाऱ्यानेच दाबायचे. चालली तर मान त्याचा, जळाली तर जबाबदारीही त्याचीच. काकासाहेबांनी स्टार्टरमधल्या वायरी स्वतःच जोडल्या, नारळ फोडला आणि बटणासाठी जालन्याहून कमरोद्दीन मिस्तरींना जीपने आणले.

मिस्तरींनी चहूकडे पाहिले. "शालू किधर है?"

"तिचं काय काम? तुम्ही उस्ताद. दाबा."

"मैं तो इसकू हात बी नै लगाया, भाऊ. जिसने भरी उसकू बुलाव." एवढे बोलून म्हातारा लिंबाखाली जाऊन बसला.

काकासाहेबांनी चिडून स्वतःच बटण दाबले. मोटार घुमली, पण पाइपातून करंगळीएवढी धार आली.

"घ्या! बाईनं भरली, पाणी बी लाजून राह्यलं," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. अखेर मिस्तरींनीच फोन लावला.

शालू स्कूटीवरून दहा मिनिटांत आली. तिने आधी धार पाहिली, मग स्टार्टर उघडला.

"काका, वायरी कुणी जोडल्या?"

"मी. का?"

"मोटार उलटी फिरून राह्यली."

तिने मेन बंद केला, दोन वायरींची अदलाबदल केली आणि बटण दाबले. पाइपाने असा हिसका दिला की पाटाची कड फुटली आणि काकासाहेबांच्या चपला वाहत गेल्या. त्या शोधता शोधता ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "उस्ताद हजर होते म्हणून जमलं."

संध्याकाळपर्यंत गावभर झाले, की शालूने बिघडवलेली मोटार कमरोद्दीनने चालू केली. मिस्तरी जालन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला खरे काय ते सांगतात. पण केदारखेड्यात ते ऐकणार कोण? आज तीन आठवडे झाले. तिच्याकडे दोन टेबलफॅन आले, मोटार एकही नाही. जळक्या मोटारी टेम्पोत घालून लोक तिच्या दारावरून जालन्याला नेतात. ती उंबऱ्यात उभी राहते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. पाडव्याला दोन महिने उरले आहेत.

परवा मी गेलो तेव्हा तिने बसायलाही सांगितले नाही. म्हणाली, "सर, इतिहासाला साक्षीपुरावा लागतो, हे तुम्हीच शिकवलं. तुम्ही तर तिथंच होते."

होतो. म्हणून लिहून देतो: मोटार शालूने भरली, ती बरोबर भरली होती, चूक वायरी जोडणाऱ्याची होती, आणि ती शालूनेच दुरुस्त केली.

वाचकहो, तुम्हांला कौतुक करायला मी सांगत नाही. तुमची मोटार जळाली तर ती पाडव्याच्या आत केदारखेड्याच्या फाट्यावर उतरवा. दुकानात मिस्तरी कुठे आहे, असे विचारू नका. आणि मोटार विहिरीत सोडाल तेव्हा पहिले बटण दाबायला तिलाच बोलवा.