पोटाखालचं की मागचं

गुरुदत्तकाकांना मान वळवता येत नसे. मागून कोणी हाक मारली की ते अख्खेच्या अख्खे वळायचे, आणि वळता वळता करवादायचे. मानेचा मणका झिजलेला. डॉक्टरांनी दिलेला पट्टा पंपाच्या खोलीतल्या खुंटीवर आराम करत असायचा. गिरीज गावात आमची वाडी त्यांच्या वाडीला लागून, त्यामुळे हे सगळं मी कुंपणाच्या अलीकडून बघत आलोय.

दोन हजार पाचच्या सुमारास गवत काढायला बाया मिळेनाशा झाल्या. त्या विरारच्या बांधकामांवर जायला लागल्या होत्या, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. केळी विरळ झालेली, माडांखाली गुडघाभर गवत, आणि विळा घेऊन बसणार कोण, तर काका. शेवटी कंटाळून त्यांनी छोटा ट्रॅक्टर घेतला. पण त्याला गवत कापायचं यंत्र कुठलं जोडायचं, यावर घरात नुसती डोकेफोड.

हायवेवरच्या डीलरकडे दोन प्रकार होते. एक ट्रॅक्टरच्या पोटाखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे बसणारं. ते बसल्या जागेवरून पायाशी दिसतं, पण त्याला जमीन सपाट लागते. दुसरं मागे जोडायचं. दांडा ओढला की ते चांगलं वर उचललं जातं, पण त्याच्यावर नजर ठेवायला सारखं मागे बघावं लागतं.

“अंकल, तुमची मान बघता पोटाखालचंच घ्या,” डीलर म्हणाला. “फक्त जमीन प्लेन पाहिजे. ते पाण्याचे पाट बुजवून टाका, टेन्शनच नाही.”

काका तिथून उठलेच. विहिरीचं पाणी शेवटच्या माडापर्यंत नेणारे ते पाट दरवर्षी पाऊस सरला की ते स्वतः उकरायचे. मुलगा प्रितेश अंधेरीला नोकरीला. त्याने फोनवर ठिबकच्या नळ्या सुचवल्या, तर त्याच्याशी आठवडाभर अबोला. पाट बुजवले तर वाडी राहिलीच कुठे, असं ते मला तावातावाने सांगायचे. मीही मान डोलवायचो, माझं काय जात होतं!

तोडगा सरलाकाकूंनी काढला. “मागचं घ्या. मी मागून चालेन. पाट आला की ओरडेन.”

झालं. दगड उडतात म्हणून काकू जरा लांबून चालायच्या, ऊन असो, दमट हवा असो. “उचला!” काका दांडा ओढायचे. “सोडा!” पुढच्या पाटाला पुन्हा तेच. सुख व्हावं म्हणून आणलेल्या यंत्रापायी एकाच्या जागी दोघं राबायला लागली. मला त्यांची कीव यायची आणि रागही. संध्याकाळी दोघं पायरीवर बसायची तेव्हा चहा करायलाही कोणी उठत नसे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी हाक आलीच नाही. यंत्र पाटाच्या काठात घुसलं, माती उडाली, पातं खणखणलं. मी कुंपणाशी धावलो. काकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, अख्खे वळले. काकू मागच्या पाटात पाय सोडून बसल्या होत्या.

“अगं, ओरडली का नाहीस?”

“दमले मी. बुजवा ते पाट.”

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. “तू म्हणतेस हे? मला वाटलं, तुलाही ते हवेत.”

“मला कधी विचारलंत? तुमची मान वाचावी म्हणून चालत होते मी. पाटांसाठी नाही.”

काका पंपाच्या खोलीकडे गेले. तिथून फावडं घेऊन आले आणि फुटलेल्या काठाची माती पाटात लोटायला लागले. मला बघवेना.

“आज नको,” काकू म्हणाल्या. “आज बसा जरा.”