लेकीला सडक शिकवली ती वन्संनी

माझ्या लेकीला सडक ओलांडायला माझ्या नणंदेनं शिकवलं, आणि ते मला बरेच दिवस सहन होत नव्हतं.

ब्रह्माघाटावरच्या आमच्या गल्ल्यांत एका घोड्याचा इक्काही शिरत नसे. सांड आला की भिंतीला चिकटायचं, एवढंच पोरांना ठाऊक. पण मुलींची शाळा मैदागिनच्या सडकेपलीकडे. तिथे इक्के, टांगे, सायकली, मधूनच एखाद्या साहेबाची मोटार.

वन्सं लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि त्याच शाळेत शिकवत. लेक रोज त्यांचं बोट धरून निघे, मी चुलीपाशी. संध्याकाळी मग नुसतं "आत्या म्हणते". "आत्या म्हणते, इक्केवाल्याच्या ओरडण्याकडे नाही, घोड्याकडे बघायचं."

"आत्यालाच सांग मग जेवायला वाढायला," मी म्हणे. पोरगी खरंच आत्याला बोलवायला धावे. मी आणखीच धुमसे.

एकदा वन्संना ताप आला. लेकीला पोचवायला मी निघाले, मनातून खूशच होते. सडकेशी आले आणि पाय उचलेना. लग्न होऊन आल्यापासून घाट, देऊळ, बाजार, सगळं बायकांच्या घोळक्यात झालेलं. "बच के, बहूजी!" इक्केवाला ओरडला. मी पोरीला मागे खेचलं.

"आई, ओढू नकोस. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, परत उजवीकडे. आता चल. पळायचं नाही."

सगळे शब्द वन्संचे. तो ठाम आवाजसुद्धा. तिनं मला सुखरूप पलीकडे नेलं. कौतुक वाटायचं, तर मला वन्संचा हेवाच वाटला.

बायकांच्या एका घोळक्यामागून सडक ओलांडून घरी आले आणि वन्संना काढा दिला. "घाबरली नाही ना ती?" त्यांनी विचारलं.

"ती नाही. मी घाबरले."

त्या हसल्या नाहीत. "वहिनी, घरी आली की ती तुमच्या पदराआड शिरते. माझ्याकडे वळूनही बघत नाही. रोज राग येतो मला तुमचा."

माझा हेवा कुणी करत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या बऱ्या झाल्यावर मी म्हटलं, "दुपारी तिला घ्यायला मी सडकेपर्यंत येत जाईन."

पहिल्याच दुपारी त्यांनी सडकेपलीकडेच तिचा हात सोडला. लेक दोन्हीकडे बघत, न पळता, एकटी माझ्याकडे आली. मी हात पसरले. ती पोचली, आणि लगेच मागे वळून ओरडली, "आत्या, बघितलंस?"

माझ्या पोटात पुन्हा दुखलंच.