गंगेवरचा सोबती

बेडसे लेण्यांच्या पायथ्याला धोंडिबा एकटाच राहतो. बायको हिरा गेली, मुलगा प्रज्ञेश नोकरीपायी पुण्यात. धोंडिबाची स्वतःची नोकरी सरकारच्या पाणी खात्यातली, सगळी बंगालात गेली, फरक्क्याच्या बंधाऱ्यावर. तिथून पुढं गंगा बांगलादेशात शिरते. पाणी आटायच्या महिन्यांत कुणाच्या वाट्याला किती, याचा दोन देशांत करार झालेला. म्हणून तिकडचे लोक दरवर्षी फरक्क्याला येऊन राहत आणि दोन्हीकडची माणसं एकाच होडीत बसून पाणी मोजत. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आकडा पुढं जात नसे.

धोंडिबाच्या होडीत असायचा बांगलादेशातल्या राजशाहीचा अनिसुर. पहिल्या वर्षी दोघं एकमेकांवर नुसते डोळा ठेवून होते. मग आकड्यांवरून भांडणं झाली, आणि भांडता भांडताच बोलणं सुरू झालं. मासळीचे काटे काढायला धोंडिबाला त्यानंच शिकवलं.

हिरा गेल्याचा निरोप आला तेव्हा होडी पात्राच्या मधोमध होती. कितीही धावला तरी धोंडिबा मातीला पोचणार नव्हता. अनिसुरनं होडी काठाला घ्यायला लावली. त्या दिवशी मोजणी बुडाली, आणि साहेबांची बोलणी अनिसुरनं एकट्यानं खाल्ली.

निवृत्त होऊन धोंडिबा गावी आला. "पल्याडचा काठ दिसत न्हाई, एवढी नदी," तो सांगायचा. पवनेकाठची माणसं हसत, "भाऊ, च्या घ्या" म्हणत. हळूहळू त्यानं सांगणंच सोडलं. एकट्यापुरती भाकरी रोज कुठं थापायची, म्हणून एकदम दोन दिवसांची थापू लागला.

कराराची मुदत संपत आली, नवा व्हायचाय, असं टीव्हीवर ऐकलं तेव्हा त्यानं अनिसुरला फोन लावला. मुलीनं उचलला. मोडक्या हिंदीत म्हणाली, अब्बांना झटका आलाय, बोलता येत नाही, ऐकू मात्र येतं. आणि तिनं फोन बापाच्या कानाला लावला.

मग धोंडिबा आपल्या अर्ध्यामुर्ध्या बंगालीत बोलत राहिला. कराराचं, गुडघ्यांचं, प्रज्ञेश येत नाही त्याचं. पलीकडून नुसता श्वास. एकदा घशातून आवाज आला. हसला की रडला, कळलं नाही.

फोन ठेवला तर शेजारची मानसी कालवणाची वाटी घेऊन दारात उभी.

"आबा, कुणाशी बोलत व्हता? पावणं का?"

"न्हाई. आमी एका होडीत व्हतो."

ती पुढं काही विचारील म्हणून तो थांबला. तिनं वाटी ओसरीवर ठेवली, वर ताटली झाकली आणि गेली.