विहीणबाईंची अट आणि आमच्या गाडीचा एसी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं जमतात ना, तसे ते जमत जातात. आपण म्हणतो, मी तर एकही टाकलं नव्हतं! आणि झाडायला घेतलं की सूपभर निघतात. ज्याला काम येतं त्याचं काम होऊन जातं, किस्सा होत नाही. आमच्या घरी गाडीचा एसी दुरुस्त झाला तेव्हा काम थोडं झालं आणि किस्से भरपूर झाले. त्यातले काही सांगते. सगळ्यांत वेडी मीच ठरते, हे आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवात विहीणबाईंच्या फोनपासून झाली.

आमची पूजा जिंतूरला दिलेली. सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला पेडगावला आणायचं होतं. मी दुपटी शिवून, धुऊन, घडी करून ठेवली होती. रोज एकदा उघडून बघायची आणि परत घडी घालायची.

विहीणबाई म्हणाल्या, "मे महिन्याचं ऊन बघायलाव न्हवं? पोरीला एसटीनं न्हाई पाठवणार. तुमच्या गाडीत एसी हाय का?"

आमचे हे शेजारीच होते. फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "हाय की!"

"मग या घेऊन जायाला. एसी नसंल तर बाळंतपण हितंच करू."

ह्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. सेकंडहँड घेतलेली गाडी, पण एसीचं बटण होतं. दाबलं की दिवाही लागायचा. गार तेवढं होत नव्हतं.

मग पूजानं फोन घेतला. हळूच म्हणाली, "आई, ने ना मला."

एवढंच म्हणाली. त्यावर मी दुरुस्तीला लागले.

*

परभणीच्या गॅरेजवाल्यानं गाडी बघितली. "फिल्टर चोंदलाय, ब्लोअरची मोटार गेलीय, आणि रेडिएटरच्या पुढची जाळी, ती कंडेन्सर, ती फुटलीय. गाडी ठेवून जा. लगीनसराई झाली की बघू."

लगीनसराई संपेपर्यंत आमचं नातवंड रांगायला लागलं असतं!

हे म्हणाले, "मोबाइलवर सगळं दाखवतेत. घरीच करू. गॅस काढायचं अन् भरायचं काम तेवढं ह्याच्याकडं."

'करू' म्हणजे कोण, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ह्यांचा हात डॅशबोर्डच्या मागे जाईना. माझा गेला. शिवाय मी शिलाई मशीन उघडून साफ करते, तेव्हा मला पान्या-पकडीचं ज्ञान आहे असं ह्यांनी जाहीर केलं. दहावीला विज्ञानात मी काठावर सुटले होते, ते ह्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

तर मी सीटवर पाठ टेकून, डोकं खाली पायदानाकडे आणि पाय दाराबाहेर. हे लिंबाखाली खुर्चीवर, हातात मोबाइल. "आता डावीकडचा स्क्रू काढ... थांब, थांब, जाहिरात लागली!"

तेवढ्यात शेजारून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना माझे नुसते पायच दिसले.

"भाऊजी, काय चालायलंय?"

"सर्व्हिसिंग चालूय, वहिनी."

"गाडीची का सुनंदाची?"

*

फिल्टर निघाला. काळाकुट्ट. आता कळकट वस्तू हातात आली की बाईमाणूस काय करतं? मी तो साबणाच्या पाण्यात भिजत घातला. चांगला तासभर. मग धुण्याच्या दगडावर घेतला आणि ब्रशनं घासला.

तो कागदाचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी काळं झालं, मला आनंद झाला. मग पाणी घट्ट झालं. हातात नुसती चौकट राहिली.

हे म्हणाले, "फ्रेम चांगली हाय. फोटो बसव."

पार्टच्या दुकानदारानं सांगितलं होतं की मापाला जुना फिल्टर आणा. मी ती चौकट पिशवीत घालून घेऊन गेले. त्यानं चौकटीतून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, मधलं काय झालं?"

"धुतला."

"धुतला, का शिजवला?"

*

ब्लोअर म्हणजे हवा फेकणारा पंखा. त्याची मोटार डॅशबोर्डच्या खाली असते. जुनी काढली, नवी बसवली, वायर जोडली. पहिल्याच झटक्यात बसली! मला वाटलं, आपण उगाच शिलाईत जिंदगी घालवली.

असं काही जमलं की लोकांना बोलवायची मला फार हौस. जाऊबाईंना हाक मारली. "आक्का, या, हवा खायला या!" त्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या. हे स्टिअरिंगवर. मी मागे. काचा बंद. मी म्हणाले, "फुल करा."

ह्यांनी फुल केलं.

आमची गाडी पडवीत उभी असते. शेजारी कापसाचा ढीग होता. भाव यायची वाट बघत आम्ही तो ठेवला होता. उंदीर तेवढा थांबला नव्हता. त्यानं तो कापूस नेऊन आतल्या नळीत आपलं घर केलं होतं, आणि मी मोटार बदलताना नळीत डोकावलेच नव्हते.

डॅशबोर्डच्या सगळ्या जाळ्यांमधून कापूस सुटला. ह्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. जाऊबाईंच्या केसांत, तोंडात, सगळीकडे कापूस. घाईघाईत कुणालाच दार उघडेना.

बाहेर पडल्यावर जाऊबाईंनी आधी तोंडातला कापूस काढला. मग म्हणाल्या, "सुनंदा, तू गार हवा यील म्हणलीस. ही तर गादी यायलीय!"

*

कंडेन्सरचं काम अवघड. आधी गॅरेजवर जाऊन उरलेला गॅस काढून आणला. मग पुढचा बंपर काढला, जुनी जाळी काढली.

नवी जाळी मी सुपासारखी दोन्ही हातांत धरून आणली. त्या जाळीला कागदासारख्या पातळ पत्र्याच्या बारीक पात्या असतात. मी धरलं तिथं माझी दहाही बोटं उमटली. सगळ्या पात्या चपट्या!

ह्यांनी लगेच मोबाइलवर दुसरा व्हिडिओ लावला.

व्हिडिओतल्या माणसाकडे पात्या सरळ करायची एक खास फणी होती. ती परभणीत मिळेना. मी घरात गेले आणि उवा काढायची फणी आणली. पायरीवर बसले, जाळी गुडघ्यांत धरली आणि एकेक पाती विंचरायला लागले. काय सुरेख सरळ व्हायला लागल्या! मी अगदी तल्लीन झाले.

जाऊबाई आल्या. "कुणाच्या उवा काढायलीस गं?"

"गाडीच्या."

त्यांनी वाकून बघितलं. "अगं, ही फणी तर माझी हाय! नातीसाठी आणलेली, कवापासून शोधायलेय." मग थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "राहू दे तुलाच. ही तरी गप बसून विंचरू द्यायलीय."

*

जाळी बसली. जोडांना नवे रबरी वायसर, कंपनीचं तेल लावून. गॅरेजवाल्यानं गॅस भरला, काटा बघितला, मला बघितलं. "कुणी बसवलं?" हे म्हणाले, "घरीच केलं." एवढं म्हणताना ह्यांची छाती अशी फुगली की मला वाटलं, मोबाइल धरणंही मेहनतीचंच काम असावं.

आणि गार झालं! खरंच गार! घरी येऊन आम्ही काचा बंद करून दारातच बसलो. कुठं जायचं नव्हतं. तरी बसलो.

मी उतरले तर गाडीखाली पाणी. टप, टप, टप. एवढं सगळं करून गळती! विहीणबाईंना काय सांगू?

खाली वाकले. एका रबरी नळीतून पाणी येत होतं. ह्यांना सांगून घोर कशाला लावायचा? मी नळीत चिंधी कोंबली आणि सुतळीनं गच्च बांधून टाकलं. टपटप बंद.

दुसऱ्या दिवशी हे एसी लावून परभणीला ऑफिसात गेले. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, बूट हातात घेऊन. एसीचं पाणी बाहेर जायची वाटच ती. मी वाट बांधली, म्हणून ते आत आलं होतं.

जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या, "भाऊजी, वढ्यातनं आलाव का?"

सुतळी सोडली. तेव्हापासून त्या नळीखाली मी बादली ठेवते. आमच्याकडे उन्हाळ्यात थेंबालाही किंमत. ते पाणी मोगऱ्याला जातं. आता जाऊबाई भिंतीवरून सांगतात, "भाऊजी, जरा येळ एसी लावून बसा की. मोगरा वाळायलाय!"

*

मग आम्ही जिंतूरला गेलो. मी नवी साडी नेसले होते. मांडीवर दुपट्यांची पिशवी, कारण नसताना. गेल्या गेल्या विहीणबाईंना जय भीम घातला आणि चहाच्या आधीच सांगून टाकलं, "एसी लय गार हाय."

"बघू तर," विहीणबाई म्हणाल्या.

पूजाला डॉक्टरांनी पाय वर घेऊन पडायला सांगितलं होतं. म्हणून मागच्या सीटवर गादी घातली, उशी दिली, ती आडवी झाली. खाली तिच्या पिशव्या. विहीणबाई तपासायला म्हणून पुढच्या सीटवर बसल्या. ह्यांनी एसी लावला.

विहीणबाईंनी जाळी आपल्या तोंडाकडे फिरवली. डोळे मिटले. डोक्यावरचा पदर खाली घेतला. मी दाराशी उन्हात उभी.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"गार हाय," म्हणाल्या.

मला रडू यायचं बाकी राहिलं.

"मी बी येते," त्या म्हणाल्या. "पोरीला नीट पोचवते. चार दिस राहते."

विहीणबाईंना नको कसं म्हणायचं? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "या की! घर तुमचंच हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मागून पूजा म्हणाली, "आई, तू कुठं बसतीस?"

"माझं काय! एसटी हाय की."

मला ह्यांनी जिंतूरच्या स्टँडवर सोडलं. काच चार बोटं खाली करून म्हणाले, "सावकाश ये." आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून लगेच काच वर केली.

परभणीची गाडी खच्चून भरलेली. मी ड्रायव्हरच्या मागे, इंजिनाच्या उबेला, दांडा धरून उभी. खिडक्यांमधून झळा. नवी साडी अंगाला चिकटलेली. तेवढ्यात फोन वाजला. पूजा.

"आई, सासूबाईंना थंडी वाजायलीय! गार कमी कसं करायचं? पप्पा म्हणतेत, आईलाच इचार."

गाडीच्या खडखडाटात मी ओरडून सांगितलं, "ब्लोअर एकावर घे! मग त्याच्या बाजूचं गोल बटण लाल रेघेकडं फिरव! अर्धंच! लय फिरवू नको, गरम यील!"

सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून समोर थांबले.

"मावशी, कुणाचा हो एसी?"

"माझाच हाय," मी म्हणाले. "एक लेडीज हाफ परभणी द्या."